कुंपणातली चाफ्याची काठी

दगडाबाईच्या परड्यात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात हातभर उंचीची एक करडी काठी रोवलेली होती. तिला एक पान नव्हतं. खालची जमीन टणक होती, आणि रोवल्यापासून तिच्यावर पाण्याचा थेंब पडू दिलेला नव्हता. त्या काठीच्या शेंड्यावर चाफ्याची फुलं उमलली होती, पांढरी, आत पिवळी.

"बिराप्पा जित्ता हाय," नाथाजी महाराज म्हणाले. "बर्मात हाय, पोटभर जेवतोय, आईची सय काढतोय. वाळल्या लाकडाला फूल आलं. आता आनिक काय पायजे तुमास्नी?"

दगडाबाईनं काठीपुढं लोटांगण घातलं. मुलाची पत्रं थांबल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

साल चव्वेचाळीस. तासगावाहून जतकडे जाणाऱ्या वाटेवरच्या बोरमाळ गावातले बरेच गडी पलटणीत होते आणि कित्येकांची पत्रं बंद झाली होती. माघात नाथाजी आला आणि देवाचा कौल काठीवर लावू लागला. ज्या घरचा माणूस लढाईवर, त्या घरच्या परड्यात काठी रोवायची. भोवती काटे लावायचे. आत त्या माणसाची बायको, नाहीतर आई बसायची. काठी फुलली तर माणूस हयात. कौल मिळेपर्यंत बाईनं कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. शिवाय माणसाच्या अंगावरचं एक कापड महाराजांना द्यायचं, कारण देवाला माणूस वासानं हुडकावा लागतो. फाल्गुनाचं ऊन तापलं तरी महाराजांच्या अंगावर एका शिपायाची जर्सी आणि गळ्यात दुसऱ्याचा मफलर होता. देवाचं हुडकणं बहुधा अजून संपलं नव्हतं.

दगडाबाई कुंपणातून सुटली. अंजना मात्र अजून आपल्या परड्यातल्या कुंपणात होती. कृष्णात, तिचा नवरा, बर्मात होता आणि तिच्यापुढची शेंदूर फासलेली काठी बोडकीच होती. भाकरी काट्यांवरून आत येई. दोन वर्षांची पोर पलीकडून हात पुढं करी, काटा टोचला की रडे, आणि सासू तिला उचलून घरात नेई.

"त्यो कोट देऊन टाकला आस्तास तर ही पाळी आली नसती," सासू रंगूबाई म्हणाली.

"आत्याबाई, पोरीला पांघराय तेवढाच एक हाय. त्येनीच ठिवून गेल्यात."

"मंग बस आता."

"बसलीच हाय की."

नाथाजी रोज एकदा यायचा, काठीकडं बघायचा आणि मान हलवायचा. एके दिवशी त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पाडव्याच्या सकाळपातूर फुललं न्हाई, तर कुकू पुसायचं. ह्ये मी न्हाई सांगत, काठी सांगती."

अंजनाला पळून जाता आलं असतं. काटे काही भिंत नव्हेत. पण ती उठली तर 'हिनंच नवरा मारला' असं गाव म्हणणार होतं, आणि पोर सासूच्या घरात होती.

मुलींच्या शाळेवर सुलाबाई म्हणून शिक्षिका होत्या, दिवाळीनंतर सांगलीहून बदलून आलेल्या. त्या विधवा होत्या. सांगलीत त्यांच्या माहेरच्या परसात कांचन, बहावा आणि दोन चाफे होते. शिमग्यापासून पुढं ती सगळी झाडं एकामागून एक फुलायची. नाथाजीनं काठ्या रोवल्या तेव्हाच त्या पाटलांना, हंबीररावांना, भेटल्या होत्या.

"पाटील, चाफ्याची तोडलेली फांदी फुलतेच. त्यात देवाचं काही नाही."

"बाई, तुमी शाळा शिकवा," हंबीरराव म्हणाले. "आमी चाफा बघितलेला न्हाई व्हय? बिरोबाच्या देवळाम्होरं एवढा मोठा हाय."

चाफा गावानं पाहिला होता, हे खरं. पण बिरोबाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही, फांदी मोडायची नाही, खाली पडलेलं फूल तेवढं उचलायचं, ही तिथली रीत. आणि देवाचं झाड म्हणून घराच्या परड्यात कुणी तो लावत नसे. त्यामुळे तोडलेल्या फांदीचं पुढं काय होतं, ते बोरमाळात कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. नाथाजीचा सगळा धंदा या रीतीवर चालला होता.

सुलाबाई वाद घालत बसल्या नाहीत. भावाला सांगून त्यांनी सांगलीहून एक फांदी मागवली.

पाडव्याच्या सकाळी अंजनाच्या परड्यात गाव लोटलं. काठी होती तशीच होती. रंगूबाई ओलं फडकं घेऊन उभी राहिली. पिळून झालेलं फडकं ती पुन्हा पुन्हा पिळत होती. कृष्णात तिचा पोटचा मुलगा होता. अंजना खाली मान घालून बसली होती. तिनं कपाळावर हात धरला होता.

"थांबा," मागून आवाज आला. सुलाबाई गर्दीतून पुढं आल्या. त्यांच्या हातात चाफ्याची फांदी होती, बुडाला सुतळी बांधलेली, शेंड्यावर फुलांचा घोस.

"ही शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगली होती. माती नाही, पाणी नाही. मुलींना विचारा."

नाथाजी कसलेला गडी होता. "मंग बरंच हाय की. बाईनं कुनाचं तरी नाव मनात धरलं आसंल. त्यो हयात हाय, म्हनून फुलली."

"नाव धरलं होतं. माझ्या मालकांचं. विषमज्वरानं गेले. कृष्णेच्या काठावर त्यांना पोचवून सहा वर्षं झाली."

मग पेन्शनीत निघालेला सयाजी हवालदार म्हणाला, "म्हाराज, त्येनी बी पोटभर जेवत्यात का?"

मागं काही जण हसले. सुलाबाईंनी काटे बाजूला सारले आणि अंबाड्यातली पिन काढून अंजनाच्या काठीत टोचली. पांढरा चीक बाहेर आला.

"हे वाळलेलं लाकूड नाही. फांदीत रस साठलेला असतो, त्यावर ती फुलते. फूल शेंड्याच्या कोंबातून येतं. दगडाबाईंच्या काठीला शेंडा होता. हिच्या काठीला बघा." त्यांनी वरचा शेंदूर नखानं खरवडला. खाली सुरीनं केलेला सरळ काप होता. "शेंडा छाटून वर शेंदूर फासलाय. ज्यांनी कापड दिलं त्यांना कोंबाची काठी, जिनं दिलं नाही तिला ही."

हंबीररावांनी वाकून काप पाहिला, बोटानं चाचपला. "नाथाजी," ते म्हणाले, "ती जर्सी काढ आधी."

अंजना उठली. पाय आखडले होते, म्हणून भिंतीला धरून उभी राहिली. पोरीनं तिच्या लुगड्याला मिठी मारली. रंगूबाईनं फडकं पाठीमागं लपवलं.

तेवढ्यात दगडाबाई पुढं आली. "मंग माझा बिराप्पा?"

सुलाबाईंनी हातातली फांदी खाली ठेवली. "मला ठाऊक नाही, दगडाबाई. काठीलाही ठाऊक नव्हतं."

"न्हवतं सांगायचं, बाई तुमी," दगडाबाई म्हणाली आणि घरी गेली. तिनं आपली काठी उपटली नाही. फुलं गळून गेली तरी ती कुंपणात जाऊन बसायची, आता आपल्या मनानं.

अंजनानं सुलाबाईंना विचारलं, "खरी खबर कुटं मिळंल?"

"साताऱ्याला शिपायांच्या घरच्यांसाठी कचेरी आहे. नवऱ्याचा नंबर सांगावा लागेल."

"नंबर पाठ हाय मला."

पुढच्या आठवड्यात ती सयाजी हवालदाराबरोबर साताऱ्याला निघाली. वेशीजवळ दगडाबाई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं अंजनाच्या हातात बिराप्पाच्या जुन्या पत्राचं पाकीट ठेवलं, त्यावर त्याचा नंबर होता.

"त्येचं बी इचार," ती म्हणाली. "काय आसंल ते सांग मला."

साताऱ्याच्या कचेरीत दोघांच्या नावापुढं एकच उत्तर मिळालं: अद्याप खबर नाही. अंजनानं ते परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. दगडाबाईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाचे काटे चुलीत घातले.

खबर नसणं फार जड असतं. त्या ओझ्याखाली माणूस काठीचंही ऐकतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण आपल्याला जे ऐकायचं आहे तेच कुणी सांगू लागला, तर गुडघे टेकण्यापूर्वी तीच काठी स्वतःच्या भिंतीवर टांगावी, तिला मेलेल्याचं नाव द्यावं आणि काय होतं ते आपल्या डोळ्यांनी बघावं.