सोनीबाईची नोंद

नियम माझाच होता, तेव्हा दोष तरी कुणाला देणार? ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांसाठी मी कामरगावहून फोनवर गणिताचा वर्ग घेते. चोवीस जागा, आठवड्याला चार धडे, संध्याकाळी सहाला. पहिल्याच दिवशी पालकांना बजावलं होतं: मूल काय शिकलं याची नोंद तुम्ही स्वतः ठेवायची आणि दर रविवारी ग्रुपवर तिचा फोटो टाकायचा. महिनाभर फोटो आला नाही, तर जागा दुसऱ्या मुलाला.

फोटो येत होते. धरमसिंगची नोंद आणि त्याच्या पोराची वही एकाच अक्षरातली होती, पण मी काणाडोळा केला. फक्त सोनीबाईचा फोन मुका होता. ती इंझोरीजवळच्या तांड्यावरची, सध्या सांगलीकडे उसाच्या फडावर. तिची निता सहावीत, वर्गाला रोज हजर, उत्तरंही बरोबर. आईचा मात्र एकही फोटो नाही. मी आवाजातले निरोप पाठवले. ते ऐकल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. माझं डोकं तापलं. बादल नावाचा मुलगा जागेसाठी थांबलेलाच होता. रविवारी दुपारी मी निताचं नाव कापायचं ठरवलं आणि निदान तोंडावर सांगावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला.

सोनीबाई पाचटाच्या कोपीच्या दारात बसून भाकर खात होती.

"सोनीबाई, नोंद काहून नाही पाठवली? आता निताची जागा जाईन."

तिने घास खाली ठेवला. "नोंद हाय ना म्याडम. पन काठ नाही झाला अजून. काठ झाल्याबिगर काम कोनाले दाखवाचं नाही, असं माही माय सांगे."

"कायचा काठ?"

मागे उभी असलेली निता आईला म्हणाली, "दाखव ना याडी, माही जागा जाऊन राह्यली."

सोनीबाईने नाइलाजाने पेटीतून एक निळं कापड काढलं आणि फोनपुढे धरलं. त्यावर टाक्यांनी आखलेले सोळा चौकोन होते, कडेचा काठ अर्धाच शिवलेला. तिला लिहिता येत नाही, हे प्रवेशाच्या कागदावरच्या अंगठ्यावरून मला कळायला हवं होतं. पहिल्या चौकोनात कवड्या जोडीजोडीने लावलेल्या, एक सुटी: सम आणि विषम. पाचव्यात गोल, त्याचा चौथा भाग लाल दोऱ्याने भरलेला: अपूर्णांक. अकराव्यात चारी कडांनी आरसे: परिमिती. माझा अख्खा महिना तिथे होता. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या हातांनी तो शिवला होता. मी थक्क झाले, दुसरा शब्द नाही.

"निता सांगते, मी आयकतो," सोनीबाई म्हणाली. "मले समजलं का मंग टाका घालतो."

तेव्हा मला चौदावा चौकोन दिसला. तो रिकामा होता.

"हा काहून खाली?"

"त्या दिवशी तुमी भागाकार सांगला. निता म्हने, अपूर्णांक उलटा कराचा अन् गुनाचं. म्या इचारलं, काहून? तिले सांगता नाही आलं. मलेच समजलं नाही, तं शिवू काय?"

वीस वर्षं मी तो भागाकार शिकवते. काहून, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. बाकीच्या तेवीस नोंदींत त्या दिवसापुढे 'समजले' असं लिहिलेलं होतं आणि मी खूश होते.

"जागेचं काय म्याडम?" सोनीबाईने विचारलं.

"जागा निताचीच. चौदावा धडा उद्या परत घेते."

त्या संध्याकाळी मी पाच-सहा कागद खराब केले. शेवटी उत्तर भाकरीच्या टोपल्यात सापडलं. सोमवारी सहाला मी तीन भाकरी ताटात घेऊन फोनपुढे बसले.

"एका भाकरीत चतकोर किती?"

"चार," मुलं म्हणाली.

"मग तीन भाकरी चतकोर-चतकोर वाटल्या, तर किती जणांना पुरतील?"

"बारा."

"म्हणून चौथ्या भागाने भागायचं, तर चारने गुणायचं. प्रत्येक भाकरीत चार वाटे आहेत, म्हणून."

निताच्या मागे सोनीबाई बसली होती, मांडीवर ते कापड. मी मुलांना सोडून तिलाच विचारलं, "समजलं का?"

दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून तिने सुई ओवली.