बारा वर्षांनी उघडणारं दार

मुक्ताबाईला चौथी मुलगी झाली ते साल त्र्याहत्तर. बाळंतपण अडलं होतं, पण मायलेकी सुखरूप सुटल्या. तेव्हा बोललेला नवस फेडायला मुक्ताबाईचे आईवडील, सहादेव आणि मनकर्णा, फाल्गुनात मढीच्या यात्रेला गेले. दुष्काळी कामावर खडी फोडून दोघांच्या हातांना घट्टे पडले होते. एका दिवसाचा खाडा करून ते चालतच निघाले.

मढीचं नाव काढलं की मनकर्णा उठून आत जायची. बारा वर्षांपूर्वी याच यात्रेतून त्यांचा एकुलता मुलगा कानिफनाथ नाथपंथी जोग्यांच्या मागं निघून गेला होता. लग्नाला दहा महिनेसुद्धा झाले नव्हते. उत्तरेला, बर्फाच्या डोंगराकडं गेला, एवढं कुणीतरी सांगितलं. त्यानंतर ना पत्र, ना निरोप.

मागं राहिली ती त्याची बायको केशरबाई. तेव्हा सोळाची होती, आता अठ्ठावीसची. माणूस बारा वर्षं परागंदा राहिला की त्याला गेलेला धरायचा, अशी रीत. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि स्मशानात नेऊन अग्नी द्यायचा. ते होईपर्यंत बायकोला पाट लावून दुसरं लग्न करता येत नाही. केशरबाईच्या भावानं, पुंजारामनं, पारनेरकडचा श्रीमंत नावाचा बिजवर बघून ठेवला होता. फाल्गुनी अमावास्येला पुतळा जाळायचा ठरला होता. सहादेवनं होकार दिला होता, कारण सून केशरबाई त्याला एकदाच बोलली होती, "मामा, मी म्हातारी व्हायच्या आत काय ते करा."

दर्शन झालं, नवस फिटला. दिवस मावळताना यात्रेतल्या तंबूत सिनेमा लागला. पाय दुखत होते, बसायला मिळेल म्हणून दोघं आत गेले. मनकर्णेनं जन्मात पहिल्यांदा सिनेमा बघितला.

त्यात एक देश होता. चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर आणि मधे तो देश. बाहेरच्या माणसाला आत यायला बंदी, आतल्याला बाहेर जायला बंदी. तिथलं पाणी प्यायलं की माणूस घरदार विसरायचा आणि त्याचं वयही वाढायचं नाही. डोंगरात एक दगडी दार होतं, ते बारा वर्षांनी एकदा उघडायचं. शेवटी ते दार करकरत उघडलं आणि पडद्यावर जोगी दिसले, राख फासलेले, ओळीनं चाललेले. त्यातला एक क्षणभर समोर बघून हसला.

मनकर्णा ताडकन उभी राहिली. मागचे लोक खाली बस म्हणून ओरडायला लागले. तिनं सहादेवचं मनगट असं धरलं होतं की घरी पोचेपर्यंत वळ गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम बहिणीच्या घरी दर्भाची जुडी घेऊन आला. मनकर्णेनं ती उचलून गाईपुढं टाकली. चाऱ्याला महाग झालेल्या गाईनं तीही खाल्ली. पुंजाराम भडकला. उद्या तंबूत मारुती उडाला तर त्याच्यासंगं लंकेला निघाल काय, असं त्यानं मनकर्णेला विचारलं. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती नवऱ्याशी बोलली.

"अवो, बारा वर्सांनी दार उघडलंय. लेक उंबऱ्यापाशी आलाय, आन तुमी त्याला आग लावाय निघालाय."

केशरबाई दाराआड उभी होती. पुंजाराम गेल्यावर ती सहादेवजवळ आली. "मामा, तुमी एकदा नीट बगून या. ते हुते म्हनला, तर मी थांबते. न्हवते म्हनला, तर जाते. तुमचा शब्द."

सहादेव परत मढीला गेला. सिनेमावाला मच्छिंद्र सकाळच्या उन्हात तंबूचं ठिगळ शिवत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"बाबा, कसला देश? ते डोंगर पुठ्ठ्याचे. बर्फ म्हंजे पिंजलेला कापूस. आत ते लोक घामानं भिजत असत्यात."

"आन जोगी?"

मच्छिंद्रचं हसू जरा ओसरलं. दाराच्या ठिकाणची फिल्म जळाली होती. मोकळा पडदा दिसला की लोक दगड मारतात, म्हणून त्यानं सरकारी बातम्यांच्या जुन्या फिल्मचा तुकडा तिथं चिकटवला होता. नाशिकच्या सिंहस्थाचा, पाच वर्षांखालचा. देश खोटा, पण ती माणसं खरी.

त्यानं तो तुकडा काढून दिला, बरोबर एक भिंग दिलं. सहादेवनं फिल्म सूर्यासमोर धरली. नखाएवढ्या चौकटीत कानिफनाथ उभा होता. जुळलेल्या भुवया, डावीकडं किंचित कललेली मान. अंगानं भरला होता. हसत होता.

सहादेवनं भिंग खाली ठेवलं. नाशिक. एसटीनं एका दिवसाची वाट. कुठला बर्फाचा डोंगर नाही, कुठलं बंद दार नाही. घर विसरायला लावणारं पाणीसुद्धा कुणी पाजलं नव्हतं. पोरगा एवढ्या जवळ येऊन, घरी न येता परत फिरला होता.

"तुमचा हाय का?" मच्छिंद्रनं विचारलं.

सहादेवनं मान हलवली. नाही.

मच्छिंद्रला सांगितलेलं तेच त्यानं घरी आल्यावर दोघींसमोर सांगितलं. केशरबाई खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मनकर्णा मात्र त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तो खोटं बोलला की तिला कळायचं. त्या दिवशीही कळलं असावं. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. भाकरी पुढं सारायची आणि उठून जायची.

अमावास्येला पुतळा जाळला. सहादेवनंच अग्नी दिला. नारळ फुटल्याचा आवाज झाला तेव्हा तो एकटाच दचकला. चैत्रात श्रीमंत येऊन केशरबाईला घेऊन गेला. जाताना ती सासूच्या पाया पडली. मनकर्णेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो लवकर काढला नाही.

पाऊस झाला, बाजरी आली. मनकर्णा मात्र जेवण तोडत गेली. सहादेवच्या मनात रोज यायचं की खरं सांगून टाकावं. पण पोरगा जिवंत आहे म्हणावं, तर येत नाही हेही सांगावं लागणार. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

मनकर्णा चौऱ्याहत्तर साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारली. कानिफनाथ त्र्याहत्तरच्या फाल्गुनी अमावास्येला गेला, असं घरात धरतात.