बाहेरची शाई

अंबाबाईची आन, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर माझं उरलेलं चार दात बी आत्ताच्या आत्ता गळून पडू देत. आता ऐका.

माझी सून शिवांजली. कसबा बावड्यात कारखान्याच्या रस्त्याला तिचं झेरॉक्सचं दुकान हाय. दोन प्रिंटर. प्रिंटरची शाई डबीत येती, तिला कार्ट्रिज म्हनत्यात. डबी काडेपेटीएवढी, आनि कंपनीचा भाव असला की तेवढ्यात अर्धी म्हैस यावी. म्हनून शिवांजली दुसऱ्यांनी बनवलेल्या, बाहेरच्या स्वस्त डब्या आनायची. दुकानात वापरायची, लोकांस्नी बी विकायची. दुकान त्यावरच चाललेलं. शाई तर अशी काळीभोर, आमच्या पांढऱ्या मांजरीनं एकदा पाय बुडवला आनि पुढची तिन्ही पिल्लं काळी झाली.

एक दिवस भर दुपारी एक पावणा आला. गळ्यात पट्टा, पायात चकचकीत बूट. उंच एवढा की शिवांजलीला पंखा बंद करायला लागला. नाव अभिराम, प्रिंटरच्या कंपनीचा मानूस.

"ताई, तुम्ही विकता त्या कार्ट्रिजवर आमचं पेटंट आहे."

मी पायरीवर शेंगा फोडत बसलते. म्हनलं, "पेटंट म्हंजे काय वो पावणं?"

"आज्जी, ती डबी आणि तिच्यातली चिप बनवायची युक्ती आमची आहे. दुसऱ्या कुणी ती बनवून विकायची नाही."

"आनि मशीन कुनाचं?"

"ताईंचं."

"पैसं मोजून घेतलंय न्हवं?"

"हो."

"मंग तिच्या मशीनच्या पोटात काय घालायचं ते तुमी ठरवनार व्हय? उद्या पातेलं विकनारा येऊन म्हनंल, रश्श्याचं मटन बी माझ्याच हितलं घ्या!"

पावण्यानं कागद काढून शिवांजलीपुढं ठेवला. असल्या डब्या विकनार न्हाय, वापरनार न्हाय, उरलेल्या कंपनीला देऊन टाकते, असं त्यात लिवलेलं. खाली सही करायची. न्हाय तर कोर्ट.

शिवांजलीच्या तोंडचं पानी पळालं. "आत्ती, सही केली तर दुकानाला कुलूप, न्हाय केली तर कोर्टाचं हेलपाटं."

एवढ्यात पावण्यानं आपली पिशवी चाचपली. एक प्रत तिला द्यायची, सहीची एक आपन न्यायची, असा कंपनीचा नियम. गडी दुसरी प्रत ऑफिसातच विसरलेला.

"ताई, मेल करतो. एक प्रिंट देता का?"

शिवांजलीनं गुमान काढून दिली. मी म्हनलं, "शिवा, वाच की मोठ्यानं."

ती वाचत वाचत एका ओळीवर थांबली. "अशा शाईची छपाई निकृष्ट असून अक्षरं टिकत नाहीत."

"पावणं, हा कागद कुठल्या शाईत निघाला?" मी इचारलं.

पावणा कागद उलटापालटा करून बघाय लागला.

"बाहेरच्याच की! म्हंजे तुमची नोटीस कोर्टात जाईस्तवर पुसनार. पुसनाऱ्या कागदावर आमी सही कशाला करावी?"

रांगेत आण्णा मास्तर हुते. ते एवढं हसलं की त्यांची कवळी झेरॉक्सच्या काचेवर पडली, तिची बी कॉपी निघाली. अभिराम लालेलाल झाला. "माफ करा, आज्जी," म्हनला आनि सही न घेताच गेला. त्या दिशी आमी भज्याचा घाना काढला.

तिसऱ्या दिशी सकाळी दुकान उघडलं. बाहेर पोरींची रांग, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख. शिवांजलीनं बटन दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली, "ही शाई आमची नाही. छपाई बंद." दुसऱ्या मशीनवर बी तेच. डबी भरलेली, काल रात्रीपर्यंत छापत हुती. इंटरनेटवरनं कंपनीनं मशीनच्या आतलं काहीतरी बदललं म्हनं, कुनाला न विचारता.

शिवांजलीनं कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हनती, "मॅडम, ओरिजिनल कार्ट्रिज टाका."

शी! मशीन आमचं, लाईट आमची, जागा आमची, आनि मशीन ऐकनार कंपनीचं! आपन जेवत असावं आनि कुनीतरी खिडकीतनं हात घालून तोंडातला घास काढावा, तशी शिसारी आली मला. सही मागायला आलेलं ते निव्वळ सोंग. त्यांना सहीची गरजच नव्हती.

पोरी दुसऱ्या दुकानाकडं पळाल्या. दुपारपासनं गिऱ्हाईकं आमच्याकडनं घेतलेल्या डब्या परत आनून टेबलावर आपटाय लागली. त्यांची मशीनं बी अडलेली. शिवांजली एकेकाची डबी घेत हुती. रडली न्हाय, पर त्या दिशी जेवली बी न्हाय.

मंग कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याच्या ऑफिसातनं तिनं जुना प्रिंटर आनला. त्याला इंटरनेट कळत न्हाय, शाई बाटलीनं वरनं वतायची. खडखडतो, पर छापतो. डब्या विकायचं मात्र कायमचं बंद झालं. निम्मं दुकान गेलं ते गेलंच.

आता आन घेतलीया म्हनून सांगते. मांजर खरी, कवळी बी खरी. अभिराम "माफ करा" म्हनला, तेवढं मी घातलं. असल्या घाणीत कुनीतरी मानसासारखं वागावं, असं वाटलं मला. तो एक शब्द बोलला न्हाय. खाली वाकला, दोन्ही मशीनांच्या मागचं नंबर फोनवर टिपून घेतलं, आनि गेला.