फकिराचा करदोटा

"वैद्यकशास्त्रात भुतांना जागा नाही!" असं डॉ. अनघा यांनी अपघात विभागाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. विधान खरंच होतं. त्या हंगामात तिथं माणसांनाही जागा नव्हती. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, अळी कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हती, आणि फवारणारे मजूर रोज दवाखान्यात येत होते. निम्मे पेशंट व्हरांड्यात सतरंजीवर. भूत आलंच असतं तर त्याला जिन्याखाली टाकावं लागलं असतं.

विधानाचं कारण तीन नंबरच्या खाटेवर होतं. घाटंजीकडचा फकिरा, पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांची शेतं फवारणारा, सकाळी बेशुद्ध आला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. विषबाधा. माहनूर सिस्टरांनी कपडे काढून त्याला साबणानं धुतलं आणि विषाला उतारा म्हणून ॲट्रोपीन सुरू झालं. हे औषध कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच फुफ्फुसात बुडतो. जास्त झालं तर बाहुल्या मोठ्या होतात, जीभ कोरडी पडते आणि नसलेली माणसं दिसतात. दुपारी फकिरा हवेतला कापूस वेचू लागला.

"कोणाशी बोलून राह्यले?" त्याची बायको पंचफुला म्हणाली.

"कवडूशी. थो काय उशाशी उभा. उमरखेडकडचा हाय म्हणते."

सिस्टरांनी खाटेचा नंबर पुन्हा वाचला. कवडू काल याच खाटेवर दगावला होता. फकिरा तेव्हा घाटंजीकडे फवारत होता.

"औषधाचा भ्रम आहे," डॉ. अनघा म्हणाल्या. भुतांच्या जागेविषयी बोलल्या त्या इथंच. मग त्यांनी डोस कमी केला.

"अन् थो विचारते," फकिरा कुजबुजला, "माहा करदोटा तं तोडला. तुहा काहून ठेवला?"

डोस कमी झाल्यावर कवडूनं जायला हवं होतं. निघाला तो फकिराच. घाम, फेस, बाहुल्या पुन्हा टाचणी. डोस वाढवला, कवडू आला. कमी केला, फकिरा चालला. दोघांपैकी एकालाच राहता येईल, असं काहीतरी त्यांचं आपसात ठरलेलं दिसत होतं.

धुतलेल्या माणसाच्या अंगात नवं विष येतं कुठून? हे असंच चाललं तर फकिरा रात्र काढणार नव्हता. शेवटी, आपल्याकडे कुणी बघत नाही याची खात्री करून, डॉ. अनघांनी भुताचा प्रश्न विचारात घेतला. चादर उचलली. कमरेला जाड सुती करदोटा, पंपाची गळती पिऊन फुगलेला. खाली कातडीवर लाल कडं. वास तोच, फवारणीचा.

"सिस्टर, हा काढला नाही?"

"जित्या माणसाचा कोण तोडते मॅडम? घरचे मारतील ना आपल्याला!"

कात्री पुढं आली तशी पंचफुलानं ती धरली. "खबरदार! करदोटा मेल्यावर तोडतेत."

"नाही तोडला तर मरतील ते."

"अन् तोडल्यावर मेला तं? मीच मारला म्हणतीन सारे."

फकिराच्या छातीत घुरघुर वाढली. पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे.

"पयले नवा बांधा. मंग जुना तोडा. मधात कंबर रिकामी नाही राह्यली पाह्यजे. अन् काळाच पाह्यजे."

विभागात काळा दोरा एकच होता : टाके घालायचा रेशमी. डॉ. अनघांनी त्याचे पदर वळले आणि शस्त्रक्रियेत शिकवतात ती गाठ मारली.

पंचफुलानं ओढून पाहिली. "ढिली हाय."

त्यांनी दुसरी मारली. मग कात्री चालली, कंबर घासून घासून धुतली गेली. माहनूर सिस्टर इतर खाटांवरच्या चादरी उचलत निघाल्या.

संध्याकाळी छाती मोकळी झाली. औषध उतरत आणलं तरी फेस फिरकला नाही. जीभ ओली, बाहुल्या तुमच्या-आमच्याएवढ्या. डॉ. अनघांनी शुद्ध तपासली.

"नाव?"

"फकिरा."

"कुठं आहात?"

"दवाखान्यात. यवतमाळले."

"आणि ह्या कोण?"

"पंचफुला. रागात हाय."

सगळी उत्तरं बरोबर होती. डॉ. अनघांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या निघाल्या.

"डॉक्टरीणबाई," फकिरा अदबीनं म्हणाला, "कवडूभाऊले जरासं तिकडं सरकाले सांगता का? पंख्याची हवा अडून राह्यली."