सौ. हेमा परब यांचा लॅपटॉप

१९९७ साली ठाण्यात नौपाड्यातल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने एक लॅपटॉप विकत घेतला आणि तो सांभाळण्यासाठी दोन पानी परिपत्रक काढले. लॅपटॉप नजरेआड करू नये, उन्हात ठेवू नये, अनोळखी माणसाला दाखवू नये. तो विक्री विभागातल्या सहदेव परबला मिळाला. सहदेव अजून नोकरीत कायम झालेला नव्हता, त्यामुळे तोच जास्त काळजी घेईल असा मॅनेजर टिपणीस साहेबांचा अंदाज होता.

अंदाज बरोबर होता. सहदेव लॅपटॉप मांडीवर घेऊन न्हाव्याकडे बसला, एका बारशालाही जेवला. रविवारी दुपारी मात्र त्याचा डोळा लागला. तेवढ्यात त्याची बायको हेमा लॅपटॉप पिशवीत घालून डोंबिवली स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन आली. झाकणावर मधोमध, ठळक अक्षरांत कोरलेले: सौ. हेमा सहदेव परब, डोंबिवली (पूर्व).

"अगं, हे काय केलंस?"

"नाव घातलं. विमलाबाईंकडे गेलेली आपली परात चार वर्षांनी परत आली, ती कशामुळे?"

"ही परात नाही! कंपनीची वस्तू आहे. आणि तुझं नाव कशाला?"

"दुकानातल्या नाव घालणाऱ्याला माझंच पाठ आहे. मशीन लावलं की हात आपोआप चालतो त्याचा."

साहेबांनी हे झाकण पाहिले तर कायम होणे विसरावे लागेल, हे सहदेवला कळत होते. त्याने वहीला घालतात तसे ब्राऊन पेपरचे कव्हर लॅपटॉपला घातले.

बुधवारी खोपटच्या डेपोत नाशिकची एसटी लागली. गर्दी होती. सहदेवने सवयीने खिडकीतून लॅपटॉपची बॅग टाकून सीट धरली आणि दाराकडे धावला. तो आत पोचला तेव्हा सीट होती, बॅग नव्हती.

पाच मिनिटे त्याने सगळ्या सीटांखाली शोधले. मग त्याला हलके वाटू लागले. चोरीला गेलेल्या झाकणावर काय लिहिलेय, हे कोण विचारणार?

पोलिसांनी विचारले.

"काही खूण?" हवालदार भोईर म्हणाले.

शेजारी टिपणीस साहेब उभे होते. "नाही," सहदेव म्हणाला.

"स्टिकर, ओरखडा, काहीच नाय?"

"कोरा होता."

भोईरांनी तसे लिहून घेतले. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "परब, तुमचं महिनाअखेरीला बघू." म्हणजे काय, हे विचारायची सहदेवला गरज वाटली नाही.

नवव्या दिवशी लॅपटॉप सापडला. चोराने तो कल्याणला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. दुकानदाराने कव्हर फाडले, नाव वाचले आणि म्हणाला, "आधी या बाईंना घेऊन ये." चोर बाईंना आणायला म्हणून गेला तो गेलाच, आणि दुकानदाराने लॅपटॉप पोलिसांत जमा केला.

"तुमचा कोरा होता," भोईर टिपणीस साहेबांना म्हणाले. "हा बाईंचा आहे."

साहेबांनी बिल दाखवले. बिलावर 'लॅपटॉप, नग एक' एवढेच होते. मशीनचा नंबर लिहिलेला कागद बॅगेत होता आणि बॅग सापडली नव्हती. सोमवारी भरायच्या टेंडरचे सगळे आकडे लॅपटॉपमध्ये होते. त्यांची प्रत खबरदारी म्हणून फ्लॉपीवर काढली होती. फ्लॉपीही बॅगेतच होती.

"बाईंनी लिहून द्यावं," भोईरांनी मार्ग काढला, "की नाव माझं असलं तरी वस्तू कंपनीची. मग न्या."

साहेबांनी स्वतः फोन करून हेमाला बोलावले. तिने कागद दोनदा वाचला, पेन उघडले.

"साहेब, यांना कायम कधी करताय?"

"अहो बाई, ही काय जागा आहे का विचारायची?"

"मग सोमवारनंतर ऑफिसात येऊन विचारते. तोवर हा इथे राहू दे."

"हेमा, सही कर," सहदेव म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. म्हणे कोरा होता!"

भोईरांनी चहा सांगितला. चहा आला, संपला. टिपणीस साहेबांनी घड्याळ पाहिले आणि भोईरांकडे एक कागद मागितला.

"एक तारखेपासून कायम, असं घाला," हेमा म्हणाली, आणि त्यांचे लिहून होईपर्यंत तिने पेनाचे टोपण पुन्हा लावून ठेवले.