चुन्याखालची बुरशी

साहेब, आमची बुरशी तुम्ही मारलीत. चुना आमच्या हातानं लागला, पण हुकूम तुमचा होता.

तुम्ही खोली पाहिलीत ती धुतल्यावर. आधीची मी सांगते. अणदूरला आमच्या बायकांच्या गटाचं आंब्याच्या रसाचं केंद्र आहे, त्याच्या मागं पंचायतीची ही खोली. उरलेल्या साली वैष्णवी वाफवायची, गव्हाच्या कोंड्यात कालवून परातींत पसरायची आणि त्यावर बुरशीचं बी शिंपडायची. ती सोलापूरला शिकलेली, आमच्या तुळजाबाईंची सून. आधी काहीच दिसायचं नाही. मग साली पांढऱ्या व्हायच्या, बोंडातून कापूस फुटावा तशा. आणि त्या कापसावर हळूहळू काळोख उतरायचा.

दार उघडलं की झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखी ऊब अंगावर यायची. कुणी न सांगता आम्ही चपला बाहेर काढायचो, हळू बोलायचो. मला वाटायचं, परातींत ढग निजलेत आणि त्यांना आमराईची स्वप्नं पडताहेत.

"बाळंतिणीची खोली हाय ही," तुळजाबाई म्हणायच्या.

"मग बाप कुठं हाय?" आंबे सोलता सोलता फातिमाबी विचारायच्या. "पेढे कोन वाटनार?"

तो काळा कापूस भिजवून वैष्णवी पाणी गाळायची. ते पाणी द्राक्षाच्या गढूळ रसात थेंब थेंब सोडलं की रस झोपेतून जागा व्हायचा. गाळ खाली बसायचा, बरणीतून पलीकडचा माणूस दिसायचा. ही करणी त्यातल्या एन्झाइमची, आणि रसाचे कारखाने त्याचं गिऱ्हाईक. प्रत्येक बुरशीला हे जमत नाही. सालींच्या ढिगातून ही एक शोधायला वैष्णवीचे कितीतरी उन्हाळे गेले होते. तिचं मूळ बी बाटल्यांत, त्याच खोलीतल्या फ्रिजमध्ये. तुम्ही बघून चांगला शेरा दिलात तर खोली आमच्याकडं राहणार होती, नाहीतर तिचं गोदाम होणार होतं.

वैष्णवी गाळलेल्या पाण्याचा नमुना घेऊन सोलापूरला गेली आणि तुमच्या हापिसातून फोन आला. मीच घेतला.

"साहेब उद्या येणार. सगळं चकाचक ठेवा. कुठं घाण, जाळी, बुरशी दिसता कामा नये."

"अवो, बुरशीच बघाया येनार न्हवं?"

"वरून आलंय ते सांगितलं, बाई."

वैष्णवीचा फोन लागेना. तुळजाबाई म्हणाल्या, "पाव्हणं बाळ बघाया येत्यात तवा खोली सारवतोच की आपन. आन् जलमभर लोनच्यावरची बुरशी हाकलली, महानंदे. कधी कायमची गेली का? येतीया दोन दिसांत परत."

मला पटलं. आम्ही चुना मारला, फिनेल ओतलं, पराती घासल्या. फ्रिजमधल्या काळ्या पडलेल्या बाटल्या तुळजाबाईंनी सोडा घालून उकळल्या.

सकाळच्या यष्टीनं वैष्णवी आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"बघ कशा लख्ख निघाल्या," तुळजाबाईंनी बाटली पुढं केली.

तिनं ती उजेडाकडं धरली. आरपार दिसत होतं. ती खाली बसली.

मग तुम्ही आलात. "बुरशी कुठाय?"

"धुतली, साहेब," वैष्णवी म्हणाली.

तुम्ही हसलात. पांढऱ्या भिंतीपुढं फोटो काढलात आणि शेरा मारलात: बुरशी आढळली नाही.

आता चुन्यातून हिरवे डाग वर येताहेत, ते भलत्याच बुरशीचे. तुळजाबाई दिवसभर सालींच्या ढिगाशी बसतात. काळा ठिपका दिसला की पानावर घेऊन आत येतात, जपून, जसा वाऱ्यातून दिवा आणावा.

"हीच का गं?"

"न्हाय, आत्या."

त्या पुन्हा जातात. पंचायत खोली रिकामी करा म्हणतेय. तिनं कुलूप घालायच्या आत बोला, साहेब. बुरशी दिसू नये हा हुकूम तुमचा, मग दिसली नाही म्हणून खोली आमची का जाते? फोन नको. इथं दारात या, तुळजाबाईंच्या तोंडाकडं बघा आणि उत्तर द्या.