सव्वादोनची बाटली

इसोएने कप नाकाशी नेला, वास घेतला, आणि पुन्हा एकदा घेतला.

"काय गं ताई, चहात काय शोधतेस?" हात्सुनोने विचारलं.

"औषध शोधते. आमच्याकडे आठ दिवस चहाला औषधाचा वास मारतोय. तुमच्या चहाला चहाचाच वास आहे."

"आमची विहीर आहे ना. डोंगराकडची."

हात्सुनो तिची धाकटी बहीण. तीस वर्षांपूर्वी ती सारुता नदीच्या वरच्या वाडीत सून म्हणून आली. इथे सगळी भातखाचरं. इसोए खालच्या वाडीतली, जिथे नदी खाडीला मिळते. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून शिंपल्या काढणं हा तिचा धंदा. आजही ती बहिणीला शिंपल्याच द्यायला आली होती. खालच्या वाडीचा नळ नदीवर चालतो, पाणी टाकीत तीन-चार दिवस साठून मग घरी येतं, आणि दर जूनला वर खाचरांत तणनाशक पडलं की नळाला वास येतो. यंदा घरात चार महिन्यांची नात होती, नागि. आठ दिवस ती पाजलेलं पावडरचं दूध ओकत होती. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. उकळलं की वास घरभर पसरे. गावच्या कचेरीतला माणूस मात्र अदबीने वाकून दरवेळी तीच फाइल काढी. सहा वर्षं तपासणी झाली, सहा वर्षं काही सापडलं नाही. एकदा तरी आकडा मर्यादेच्या वर येऊ द्या, कोळशाचं गाळणं लगेच बसवू. हे तो इतक्या गोड आवाजात सांगे, की इसोएला त्याच्या डोक्यात ती फाइल घालावीशी वाटे.

"निघते मी. उद्या तपासणीचा माणूस यायचाय," ती म्हणाली.

दाराशी बूट चढवताना तिचा हात चपलांच्या कपाटावर टेकला. तिथे वाडीची फिरती पाटी पडली होती. प्रत्येक घराने त्यावरचा कागद वाचायचा, आपला शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी पोचवायची. या पाटीवर मेल्याची बातमी येते, कचऱ्याचा वार येतो, हरवलेल्या मांजराचा फोटो येतो. आज आलेला कागद इसोएने वाचला.

"मंगळवारी सकाळी दहा वाजता नदीच्या पाण्याचा नमुना घेतला जाईल. त्यासाठी आपल्या बांधावरून जावे लागेल. चिखलाच्या पावलांबद्दल आधीच क्षमा असावी."

त्याखाली, दुसऱ्या अक्षरात:

"रविवारपासून खाचरांची तोंडे बंद ठेवावीत. मंगळवारी दुपारच्या जेवणानंतर उघडावीत."

आणि खाली तेवीस घरांचे तेवीस लाल शिक्के, अगदी सरळ ओळीत. शेवटचा हात्सुनोच्या घरचा.

इसोएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बूट पायात, एक हातात, अशी ती उभी राहिली.

"हे काय आहे?"

"दरवर्षीचंच आहे गं. पाहुणा यायचा म्हटल्यावर अंगण झाडून ठेवतोच की आपण."

"अंगण झाडता आणि कचरा आमच्या ताटात लोटता? तीन दिवस तुंबवून ठेवलेलं सगळं एकदम सोडायचं, तो माणूस पाठमोरा झाला की? माझी नात ते पिते, हात्सुनो. नागि पिते."

"माझ्या एकटीच्या घरचा शिक्का आहे का तो? बावीस जणांनी मारल्यावर तेविसाव्याने काय करायचं? मला याच वाडीत राहायचंय."

"कोणी काढलं हे डोकं? नाव सांग. त्याच्या दारात जाऊन बसते मी."

हात्सुनोने बहिणीकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"ओरडू नकोस, ताई. वरचं पत्र कुणाच्या अक्षरात आहे ते बघ आधी."

इसोएने बघितलं. झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून कडा काळ्या पडल्या होत्या, अक्षरं सुजली होती. तरी 'क्षमा' या शब्दाची ती लांब शेपूट ओळखू येत होती. तशी शेपूट ती स्वतःच काढत असे. सहा वर्षांपूर्वी खालच्या वाडीचं प्रमुखपण पाळीने तिच्याकडे आलं होतं. कचेरीशी भांडून तपासणी तिनेच मंजूर करून आणली, आणि मंजूर होताच वरच्या वाडीला हे पत्र लिहिलं. विचारल्याशिवाय परक्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही, हे आईने दोघी बहिणींना शिकवलं होतं. पत्र तिने लिहिलं एकदाच. पुढच्या प्रत्येक प्रमुखाने तारीख तेवढी बदलली.

सहा वर्षं ती कचेरीच्या नावाने बोटं मोडत होती, आणि चोराला जागं करून आली होती ती स्वतः. तिला स्वतःचाच इतका राग आला की दुसरा बूट काही केल्या पायात जाईना.

घरी पोचल्यावर तिने सुनेच्या हातातली दुधाची बाटली घेतली आणि मोरीत ओतली.

"आई, उकळलेलं होतं ते," चिनामि म्हणाली.

"असू दे. दुकानातून विकतचं पाणी आण. जेवढं असेल तेवढं."

मंगळवारी दहाच्या ठोक्याला काजितानि वरच्या वाडीचा बांध उतरून इसोएच्या घरामागच्या काठावर आला. प्रयोगशाळेतला पन्नाशीचा सरळमार्गी माणूस, दोन तपकिरी काचेच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे मोजावेत इतकं. त्याने एक बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली, दुसरी तशीच पेटीत ठेवली.

"ती कशाला?" इसोएने विचारलं.

"एखादी फुटली तर असावी म्हणून."

"बरं. आता जेवून जायचं, साहेब."

"नको काकू, उशीर होईल."

"सहा वर्षं आमच्या नदीवर येताय आणि पाण्याचा घोट न घेता जाताय. लोक मला नावं ठेवतील."

तो बसला. इसोएने मिसोचं सार केलं, त्यात मूठभर शिंपल्या टाकल्या. भात वाढला, मुळ्याचं लोणचं वाढलं, पुन्हा सार वाढलं. बारा वाजले, एक वाजला. तो उठायला लागला की ती चहा ओती. तीन कप झाले. आत नागि रडली, थांबली, पुन्हा रडली. काजितानि दर वेळी कप तोंडाशी नेताना किंचित थबके आणि मग पिऊन टाके. यजमानाच्या चहाला वास येतो असं कोणी सांगत नाही, हे इसोएला ठाऊक होतं. आज तिने त्याच सभ्यतेवर भरवसा ठेवला होता. शेजारी बसून तीही कपाला कप पीत होती.

सव्वादोनला ती उठली.

"चला, पोचवते. पेटी घ्या."

नदी वीतभर चढली होती. सकाळचे गोटे दिसत नव्हते. पाणी गढूळ तांबूस, काठाला फेस, आणि तो वास. एक छोटा मासा कुशीवर पडून गोल गोल फिरत होता.

काजितानिने आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस तर नाही झाला," तो म्हणाला.

"नाही. जेवणं झाली. दुसरी बाटली काढा."

"काकू, वेळापत्रकात दहाच आहे. मला असं परस्पर..."

"चिठ्ठीवर वेळेचा रकाना आहे ना? मग खरी वेळ लिहा. खोटं लिहा म्हणत नाही मी."

तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. मग तिच्या घराकडे बघून म्हणाला, "मघाचा चहा. पाणी कुठलं होतं?"

इसोएने बोट दाखवलं. काठावरून तीस पावलांवर एक जाड नळ पाण्यात उतरला होता.

"तेच नातीच्या दुधात पडत होतं, कालपर्यंत. तुम्ही काही नाही म्हणून लिहून देत होतात ना."

काजितानि गुडघ्यांवर बसला. बाटली भरताना त्याची बाही कोपरापर्यंत भिजली. त्याने चिठ्ठीवर लिहिलं: चौदा वाजून एकोणीस मिनिटं. साक्षीदाराच्या रकान्यात इसोएने एप्रनच्या खिशातून शिक्का काढून दाबला.

चार वाजता ती बहिणीच्या दारात होती, हातात एक कागद. हात्सुनोने उंबऱ्यातच वाचला.

"आज सकाळी दहा वाजता आणि दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटांनी नदीच्या पाण्याचे नमुने घेतले. आपल्या सहकार्याबद्दल आभार. यापुढे वेळ आधी कळवली जाणार नाही. त्याबद्दल क्षमा मागत नाही. इसोए, खालची वाडी."

हात्सुनोने तो दोनदा वाचला. आत पुरुषमाणसांचा टीव्ही चालू होता.

"पाटीवर लावू हा?"

"त्यासाठीच आणलाय."

"सगळे माझ्याकडे बोट दाखवतील, ताई."

"दाखवतील."

हात्सुनोने कागद चिमट्यात अडकवला, खणातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दाबला. या वेळी तिचा पहिला होता. खाली बावीस रिकामे चौकोन.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"चहा नको." इसोएने पाठीवरची पिशवी उतरवली. आत दुकानातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या. "नागिच्या दुधापुरतं पाणी दे. तुमच्या विहिरीचं."

पाटी कपाटावर ठेवून हात्सुनो आत गेली, आणि तांदूळ धुवायचं मोठं पातेलं घेऊन विहिरीकडे निघाली.